नरसय्याकाकांची डिझाइनं

मित्रांनो, दुपारपासून कामात लक्षच लागत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

सोलापुरात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. शेजारच्या गल्लीतले नरसय्याकाका चादरींची डिझाइनं काढायचे. आयुष्यभराची डिझाइनं त्यांनी स्कॅन करून कॉम्प्युटरवर ठेवली होती. मूळ कागद नंतर वाळवीने खाल्ले.

मशीन लई हळू चालतंय म्हणाले, म्हणून गेल्या आठवड्यात मी प्रोसेसर ओव्हरक्लॉक करून, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळेल असा करून दिला. उन्हाळ्यात तापू नये म्हणून व्होल्टेज कमी केलं आणि बायोसमधली, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंग्जमधली, वीज वाचवणारी सेटिंग चालूच ठेवली. जड काम देऊन तपासलं, नीट चाललं. पण मशीनला काम नसलं की त्या सेटिंगमुळे व्होल्टेज आणखी उतरतं. तेवढ्या कमी व्होल्टेजवर मशीन चालू राहतं का, हे मी पाहिलंच नाही.

काका चहा प्यायला उठले की मशीन अचानक बंद पडायचं. ते पुन्हा सुरू करत राहिले. मला त्रास नको म्हणून फोनही केला नाही. आज घेऊन आले, तोवर असं मध्येच बंद पडून पडून डिस्कवरच्या फाइल्स खराब झाल्या होत्या. चार तास खटपट केली. एकही डिझाइन उघडलं नाही.

"काका, चूक माझी आहे," मी म्हणाले.

"तू काय मुद्दाम केलीस व्हय, पोरी?" त्यांनी उजवा हात पुढे केला. तो थरथरत होता. "परत काढलो असतो की. पण आता पेन्सिल धरवत नाही."

दुसऱ्याच्या मशीनला हात लावण्याआधी 'याची कॉपी कुठे आहे?' असं तुम्ही विचारता ना? मी विचारलं नव्हतं.