झेंडूचा हार आणि तेलाचा काटा

परवा दसऱ्याला नातवाच्या गाडीपाशी झेंडूचा आणि गरम तेलाचा वास एकदमच आला, आणि मी मनाने चौक गावाच्या जुन्या रस्त्यावर जाऊन पोचलो. तेव्हा गोऱ्या साहेबाचं राज्य होतं आणि आमची लॉरी तेव्हाच म्हातारी होती.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे भाऊ तांदूळ भरून कर्जतहून पुण्याला निघालो. चौक गाव सोडलं आणि तेलाच्या दाबाचा काटा धाडकन खाली पडायला लागला. पडायचा, परत चढायचा.

दादा घाबरला. "इंजिन गेलं रं! घाट नाय चढायची ही. माघारी फिरव."

"इंजिनाला काय बी झालं नाय," मी ठासून सांगितलं. आवाज एकसारखा होता, आणि काटा पडायचा तो फक्त खड्ड्यात. इंजिन चालू ठेवून गाडी उभी केली, वाकून पाहिलं. वहिनीने पूजेचा हार काट्यामागच्या, त्याला तेल पोचवणाऱ्या तांब्याच्या बारीक नळीलाच बांधला होता! हार हाताने झुलवला, काटा पडला. धरून ठेवला, काटा चढला. ओल्या फुलांच्या हिसक्यांनी नळीचा जोड ढिला झाला होता. पान्ह्याने आवळला, हार दाराला बांधला आणि रुबाबात घाट चढलो.

घरी आल्यावर वहिनीला विचारलं, "एवढी घट्ट गाठ कशाला मारलीस गं?"

"तुमी दोघं परत येस्तवर सुटू नये म्हणून, भावजी."

तेव्हा मी खो खो हसलो होतो.

परवा नातू हार बांधत होता. त्याला बाजूला सारलं आणि गाठ मीच मारली, वहिनीसारखी.