आज वार कोणता?

हॉटेलच्या टेलिफोनवर बसणाऱ्या ताईंनी बावीस वर्षं पाहुण्यांना उठवलं. वेक-अप कॉल म्हणजे सांगितल्या वेळी फोन करून माणसाला जागं करणं, हे शेंबडं पोरही सांगेल. पण माणूस झोपेतच "उठलो, उठलो" म्हणतो आणि पुन्हा घोरायला लागतो, हे ताईंना पक्कं ठाऊक. म्हणून त्या विचारायच्या, "आज वार कोणता?" वार बरोबर सांगितला, तरच तो जागा.

"ताई, हे सगळं तुमच्या आवाजात रेकॉर्ड करू या. नव्या मुली शिकतील," मॅनेजर म्हणाला. ताई त्याला धाकटा भाऊ मानायच्या, रोज त्यालाही घरी फोन करून उठवायच्या. त्यांनी हातचं काही राखलं नाही.

महिन्याभरात त्यांच्या जागी मशीन आलं. ताई घरी बसल्या. मेल्याने गोड बोलून केसाने गळा कापला होता!

एका बुधवारी सकाळी त्यांचाच फोन वाजला. मशीनच्या चाचणीच्या यादीत त्यांचा नंबर चुकून तसाच राहिला होता.

"सुप्रभात! आज वार कोणता?" त्यांचाच लाघवी आवाज.

ताई फणकाऱ्याने म्हणाल्या, "रविवार!"

"शाबास! आता खरे जागे झालात," त्यांचाच आवाज म्हणाला.