काकांनी न पाहिलेले प्रेक्षक

आम्ही कतारमधल्या दुखानच्या कंपनी कॉलनीत राहायला आलो तेव्हा वर्ल्ड कपच्या स्टेडियमची कामं जोरात सुरू झाली होती. दोह्याकडे जायला निघालं की सिमेंटच्या आणि लोखंडाच्या ट्रकांमागे रखडावं लागायचं. इकडे पश्चिमेला मात्र तीच जुनी तेलाची कामं, तीच बैठी घरं आणि शुक्रवारी करायचं काय हा तोच प्रश्न. आम्ही चार-पाच मराठी घरांनी त्यावर नाटकाचा उपाय काढला होता. गणपतीत एक, दिवाळीनंतर एक. पडदा म्हणून बेडशीट आणि प्रेक्षक म्हणून आमचीच मुलं. त्यांना मराठी कळायचं, पण विनोदाला हसून झालं की ती आपसात इंग्रजीत सुरू व्हायची.

समोरच्या घरात नाशिकचं जोडपं होतं. एका हिवाळ्यात त्यातल्या नवऱ्याचे वडील राहायला आले. सत्तरी ओलांडलेले, सडपातळ, फारसं न बोलणारे. आमच्या तालमीला ते कोपऱ्यातल्या खुर्चीवर येऊन बसायचे. दोन शुक्रवार गप्प बसले. तिसऱ्या शुक्रवारी मी एक वाक्य घेऊन दारातून आत आले, तसे ते म्हणाले, "बाई, तुमच्या बांगड्या तुमच्या आधी येतात."

तेव्हा सुनेने सांगितलं, "बाबा मुंबईत टीव्हीवर होते. अगदी सुरुवातीला, टीव्ही नवा असताना."

टीव्हीवर म्हणजे पडद्यावर नव्हे. ते फ्लोअर मॅनेजर होते. कानाला हेडफोन लावून कॅमेऱ्याच्या शेजारी उभं राहायचं आणि नटांना हाताने खुणा करायच्या: सुरू कर, आवर, इकडे बघ, वेळ संपली. दुपारी बायकांसाठी अर्ध्या तासाचं नाटक असायचं आणि ते थेट जायचं. चुकलं तर चुकलेलंच लोकांच्या घरी पोचायचं.

एकदा बोलायला लागल्यावर काका फुलत गेले. नट्या एकावर एक दोन साड्या नेसून यायच्या. पहिला प्रवेश संपला की खोट्या भिंतीमागून अनवाणी पळायचं, पळता पळता वरची साडी सोडायची. बांगड्या वाजू नयेत म्हणून मनगटाला रुमाल बांधायचा. एकदा जेवणाच्या प्रसंगात नायकाला काही केल्या वाक्य आठवेना. काका सरपटत टेबलाखाली गेले आणि तिथून त्याला कुजबुजत वाक्यं सांगितली. "मग बाहेर कसा येणार? कॅमेरा समोर! प्रवेश संपेपर्यंत तिथेच. नायिकेचा पाय माझ्या बोटांवर, आणि ती बिचारी वर प्रेमाचं बोलतेय."

आम्ही हसून हसून दमलो. कोणीतरी म्हणालं, "काका, लोकांना काय मजा येत असेल हो तेव्हा!"

"ते मला ठाऊक नाही," काका म्हणाले. "नाटकवाल्याला समोर माणसं दिसतात. सिनेमावाला थेटरात मागे जाऊन उभा राहू शकतो. आमचं लोक बघत असायचे तेव्हा आम्ही आत. बाहेर येईपर्यंत सगळं खलास." इथल्या अरबीतही हाच शब्द सारखा कानावर पडायचा, म्हणून त्यांना तो फार आवडायचा. मग म्हणाले, "घरी गेलो की ही सांगायची, आज छान झालं. पण ती बघताना कशी दिसायची, ते मी कधीच पाहिलं नाही."

त्यांची बायको जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

पुढची कल्पना आमच्यातल्या लातूरच्या मुलाची. तो स्टेडियमच्या कामावर सेफ्टी इंजिनिअर होता आणि सुट्टीला आमच्याकडे जेवायला यायचा. त्याच्या ओळखीची बरीच मराठी माणसं बरवा अल बराहाला, कामगारांच्या वस्तीत राहायची. तो म्हणाला, "शुक्रवारी दुपारी तिथल्या हॉलमधला मोठा टीव्ही मिळतो. तुम्ही इथून नाटक करा, मी तिकडं फोन जोडून दाखवतो. थेट."

काका खुर्चीतून उठलेच. "थेट? आणि माणसं एका जागी बसून बघणार?"

"हो काका. पन्नासेक तरी येतील."

"मग मी तिकडे बसणार," काका म्हणाले. "तुमच्यात नाही. त्यांच्यात."

नाटक काकांनीच बसवलं. गोष्ट साधी होती. गावाकडे आईचा पाय मोडलाय आणि परदेशातल्या मुलाला ते कळू द्यायचं नाही. व्हिडिओ कॉल आला की आई प्लास्टरवर गोधडी ओढून घेते आणि शेजारीण नेमकी त्याच वेळी पायाची चौकशी करत आत येते. आईचं काम माझ्या मैत्रिणीकडे होतं, शेजारीण मी. कॅमेरा म्हणजे माझ्या नवऱ्याचा फोन, ऑफिसच्या चाकाच्या खुर्चीवर चिकटपट्टीने बसवलेला, आणि ती खुर्ची ढकलायला नवरा. खुणा करायचं काम काकांनी सुनेला शिकवलं. तीही मन लावून शिकली. स्वयंपाक करताना सुद्धा तिचे हात हवेत फिरायचे.

शुक्रवार आला. काका इस्त्रीचा शर्ट घालून तयार. जुम्म्याची नमाज आणि जेवणं आटोपली की नाटक सुरू व्हायचं होतं आणि इथून तिथे जायला तासाच्या वर लागतो, म्हणून त्यांचा मुलगा त्यांना घेऊन लवकर निघाला. जाताना काकांनी आम्हा सगळ्यांना एकेक खडीसाखरेचा खडा दिला. "घसा कोरडा पडू देऊ नका. आणि चुकलात तर थांबू नका."

ते निघाले आणि थोड्या वेळात मैत्रिणीचा फोन आला. तिच्या लेकीला तापात आकडी आली होती, ती दोह्याला हॉस्पिटलच्या वाटेवर होती. तिला काय बोलणार? आईची वाक्यं मला येत होती, म्हणून आई मी झाले. शेजारणीचं काम सुनेने घेतलं, कारण तालमी पाहून पाहून तिलाही सगळं पाठ होतं. खुणा करायला कोणी उरलं नाही.

सुनेने घाबरून नवऱ्याला फोन लावला. "बाबांना सांगू नका, पण इथे असं झालंय. आम्ही करतो कसंतरी."

गाडीत फोन स्पीकरवर होता. आम्हाला काकांचाच आवाज आला. "गाडी वळव."

"बाबा, अहो, त्या करतील," मुलगा म्हणाला.

"वळव म्हणतो ना. खुणेशिवाय थेट होत नाही."

मी फोनजवळच उभी होते. नको काका, तुम्ही जा, असं मी म्हणायला हवं होतं का? मला तेव्हा फक्त हायसं वाटलं. इतरांचंही तेच झालं असणार, कारण कोणीच काही बोललं नाही.

काका आले ते बूट काढून सरळ फोनच्या शेजारी उभे राहिले. त्यांचा हात वर गेला आणि आम्ही सुरू झालो. त्या अर्ध्या तासातला त्यांचा तो हात मी कधी विसरणार नाही. बोटं मिटली की आम्ही आवरतं घ्यायचो, तळवा फिरला की तिकडे बघायचो. सून एकदा अडखळली, तर त्यांनी नुसती भुवई उचलली आणि तिला वाक्य आठवलं.

संपल्यावर लातूरच्या मुलाचा फोन आला. स्पीकर चालूच होता; काकांनी तो माझ्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला.

"हसले का?"

"हसले की!"

"कुठं? शेजारीण आली तेव्हा?"

"नाही काका, तिथं नाही. आईनं गोधडी ओढली ना, तिथं पहिल्यांदा हसले. दुसऱ्यांदा ओढली तेव्हा सगळे गप. एकजण उठून बाहेर गेला, घरी फोन लावायला."

"मग त्याने पुढचं पाहिलंच नाही?"

"नाही. दारात उभा राहून बोलत होता. बराच वेळ."

"कसा दिसत होता बोलताना?"

"म्हणजे... आपण बोलतो तसाच, काका."

काकांनी फोन मला परत दिला. म्हणाले, "छान झालं म्हणतोय." संध्याकाळी आम्ही त्यांच्यासाठी बासुंदी केली. पुढच्या वेळी तुम्ही तिकडेच बसायचं, असं सगळ्यांनी बजावलं. "इन्शाल्ला," काका म्हणाले आणि हसले.

पुढची वेळ आली नाही. मैत्रिणीची लेक बरी झाली, पण काकांच्या व्हिसाची मुदत संपून ते नाशिकला परतले. पुढल्या हिवाळ्यात गुडघ्यांमुळे त्यांना विमानप्रवास झेपेना. तोवर तिकडची कामं पुरी होत आली होती. हॉलमधली ती माणसं काही गावी गेली, काही दुसऱ्या देशात. लातूरच्या मुलाचंही कंत्राट संपलं. स्टेडियमचे दिवे लागायच्या आधीच काका गेल्याची बातमी आली.

आमच्या बाजूचं नाटक नवऱ्याच्या फोनमध्ये अजून आहे. सून मध्येच कॅमेऱ्यात बघते, माझी गोधडी सरकते, तरी वाईट नाही झालेलं. काका त्यात कुठेच नाहीत, ते कॅमेऱ्याच्या अलीकडे होते. ते पाहताना मला दर वेळी एकच वाटतं. खुणांवाचून आमचं काय बिघडलं असतं? दोन वाक्यं पुढेमागे झाली असती, एखादा प्रवेश लांबला असता. तिकडच्या माणसांना ते कळलंही नसतं. आणि काका त्यांच्यात बसले असते.