पेटीजवळची कुजबुज

केरळातल्या पाला गावात कुणाच्या घरचं माणूस गेलं, की पाद्रीबाबांच्या पाठोपाठ निरोप जायचा तो सेलीनकडे. मुलंबाळं आयर्लंडात, कुवेतमध्ये. अंत्यविधी त्यांना मोबाइलवरच बघावा लागे. सेलीनचा कॅमेरामन तंकच्चन घरच्या प्रार्थनेपासून दफनभूमीपर्यंत सगळं थेट दाखवायचा. मग दुकानात बसून ती त्याची नीट फिल्म जुळवायची. रोज परक्यांचं रडणं बघायचं म्हणजे मन थोडं निबर करावं लागतं. तसं तिनं ते केलं होतं.

कुंचेरिया सार गेले तेव्हा मात्र ती रडली. सारांनी तिला शाळेत गणित शिकवलं होतं. वर्गात त्यांचा आवाज कधी चढला नाही. तिच्या दुकानाची फीतही त्यांनीच कापली होती.

दफनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सारांच्या मुलीचा, बिन्सीचा, डब्लिनहून फोन आला. तिला तिकीट मिळालं नव्हतं.

"सेलीन चेच्ची, अम्मच्चीनं पप्पांचा शेवटचा मुका घेतला ना, तेव्हा ती काहीतरी बोलली. पण मध्येच गाणं सुरू झालं. जरा नीट ऐकून सांगाल?"

"तुला तिकडे ऐकू आलं? मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते, मला काही ऐकू आलं नाही."

"आलं. चांगलं मोठ्यानं आलं."

सेलीननं हेडफोन लावला, तो भाग काढला आणि तिच्या ध्यानात आलं. तंकच्चननं ऑटो लेव्हल चालूच ठेवलं होतं. तसं ते कामाचं. गाणाऱ्यांचा गलका वाढला की ते आवाज उतरवतं, पाद्रीबाबा पुटपुटायला लागले की चढवतं. बघणाऱ्याला सारखं बटण फिरवावं लागत नाही. पण इथे गाणं थांबलं होतं, खोली गप्प होती, आणि यंत्र आपलं चढवतच गेलं. आधी पंख्याची घरघर मोठी झाली. मग कुणाचा तरी हुंदका. आणि मग, पेटीच्या उशाशी पाद्रीबाबांसाठी ठेवलेल्या माइकमधून, सारांच्या बायकोचा, अच्चाम्माचा आवाज, जणू ती सेलीनच्या कानाशी बोलत होती.

"आता मला कुणी मारणार नाही."

सेलीननं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. बाहेर बस थांबली, माणसं उतरली, ती बघत राहिली. आपल्या कानांचीच चूक असेल म्हणून तिनं पुन्हा ऐकलं. मग माइकच्या मूळ आवाजावरचं लेव्हल बंद करून ऐकलं, तर तिथे नुसती शांतता होती. पुन्हा चालू केलं. तेच शब्द.

"काय झालं?" तंकच्चननं विचारलं.

"काही नाही. तू दोन कप कापी घेऊन ये."

बिन्सीला काय सांगायचं? पुसून टाकणं एका क्षणाचं काम होतं. पण ते वाक्य तिचं नव्हतं, पुसायचा हक्कही तिचा नव्हता. लॅपटॉप पिशवीत घालून ती सारांच्या घरी गेली.

ओसरीवर रबराच्या शीट वाळत होत्या. अच्चाम्मा आत एकटीच बसली होती. सेलीननं दार लोटून घेतलं, काय ते सांगितलं आणि हेडफोन तिच्या कानांवर ठेवला. ऐकता ऐकता म्हातारीनं मान वळवून सारांच्या खोलीच्या दाराकडे बघितलं. भीतीनं.

"मी इतक्या हळू बोलले होते."

"हळू असलेलंच ते वर काढतं, अम्मच्ची."

"कोणी कोणी ऐकलं?"

"बिन्सीनं. तेही अर्धवट. विचारतेय ती. दुसऱ्या कुणाचा फोन नाही."

अच्चाम्मानं हेडफोन सेलीनच्या हातात दिला. मग म्हणाली, "तिच्या लहानपणी मी सांगायचे, विहिरीवर घसरले, फणस कापताना लागलं. केवढे फणस कापले मी." ती हसली की काय ते सेलीनला कळलं नाही. "चर्चच्या लोकांना द्यायचंय त्यात बारीक कर. बिन्सीला आहे तसं दे."

"नक्की?"

"मी नाही सांगू शकणार गं मोळे. हे तरी सांगू दे."

सेलीननं दोन प्रती केल्या. एकीत तेवढ्या तुकड्यापुरतं लेव्हल बंद करून आवाजाची रेघ हातानं खाली ओढली, म्हणजे शांतता शांतताच राहिली. दुसरी तशीच डब्लिनला पाठवली.

बिन्सीचा फोन आला.

"रात्री अम्मच्ची मला आतून कडी लावायला लावायची," ती म्हणाली. "मला वाटायचं, चोरांची भीती."



एकेचाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला बिन्सी आली. चर्चच्या सभागृहात एकेक जण उठून सारांच्या शांत स्वभावाबद्दल बोलत होता. सेलीन मागे मिक्सरपाशी होती. बिन्सी उठली, आईचा दंड धरला आणि भरल्या सभेतून तिला बाहेर घेऊन गेली. बोलणारा अडखळला. माणसं वळून बघू लागली.

"आवाज कमी करू का?" तंकच्चननं विचारलं.

सेलीन रिकाम्या दाराकडे बघत होती.