दीड एमएमचा संशय

चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरात "दीड एमएम" लिहिलं होतं, चष्मा डोळ्यांवर होता, आणि तरीही मी दुकानदाराला म्हणाले, "तीनची दे." एवढाच माझा गुन्हा. वेंधळेपणात झाला असता तर सांगायला लाज वाटली नसती. पण मी तो पूर्ण विचार करून केला. तेव्हा मी कोवळी होते, अवघी एकसष्ट वर्षांची. त्या वयात माणसाला वाटतं, आपल्याला सगळं कळतं.

नातीच्या कॉलेजची एकांकिका धुळ्याच्या स्पर्धेत होती. त्यात चार शिपाई होते, त्यांतली एक ती स्वतः. इतर मुलांचं म्हणणं होतं की चिलखतं भाड्यानं आणू. ही उठून बोलून बसली, "मी घरी करते, रविवारपर्यंत चारही तयार." मग असोद्याच्या आमच्या घरात मागच्या पडवीत तिचा कारखाना सुरू झाला. तिनं प्लास्टरचा छातीचा साचा ओतला आणि त्यावर आठ दिवस बसून खवले कोरले. वरून भोकं पाडलेली एक प्लायची पेटी केली, तिला बाजूनं शेजाऱ्यांचा व्हॅक्युम क्लीनर जोडला. पत्र्याच्या डब्यात शेगडीच्या कॉइली बसवल्या. लाकडी चौकटीत प्लास्टिकची शीट आवळायची, कॉइलींवर धरायची, ती मऊ होऊन लोंबायला लागली की साच्यावर दाबायची आणि क्लीनर सुरू करायचा. हवा खाली ओढली जाते आणि शीट साच्याला चिकटून त्याचा आकार घेते. हे सगळं ती मोबाइलवर बघून शिकली होती, म्हणून माझा त्यावर काडीचा विश्वास नव्हता.

मी डोळे तपासायला जळगावला निघाले होते. तिनं हातात चिठ्ठी दिली. पांढरी शीट, दीड एमएम, दोन बाय दोन फुटांचे पाच तुकडे.

आता माझं मन कसं चालायचं ते सांगते. आम्ही केळीवाले. केळीखाली अंथरायचा मल्चिंग पेपर घ्यायला गेलं की दुकानदार तोंडानं एक जाडी सांगणार आणि हातात दुसरी देणार, हे मी लग्न होऊन आल्यापासून धरून चालले होते. पेपर कानाजवळ धरून अंगठ्यानं चोळायचे. आवाज बारीक आला की माल पातळ! या विद्येचा मला भारी गर्व. ती कधी खरी ठरली का, हे मात्र मी कधी तपासलं नाही.

एमआयडीसीतल्या त्या दुकानदारानं चिठ्ठी वाचली आणि सहज म्हणाला, "दीडच ना, अक्का? घरगुती मशीनला बरोबर आहे."

झालं. घरगुती मशीन आहे हे याला कसं कळलं? चिठ्ठीत तर नव्हतं. पडवीतला पसारा कुणी याला सांगितला? (पाच तुकडे नेणारं गिऱ्हाईक कारखानदार नसतं, हे कळायला फार अक्कल लागत नाही. ती तेवढीही माझ्याकडे नव्हती.)

"तीनची दाखव बरं, भाऊ."

"अक्का, तीन जाड होईल. तापायची नाही नीट."

जो दुकानदार महागाचा माल विकायला नको म्हणतो, तो चोर नाही तर कोण? मी मनात ठरवलं, चांगला जाड माल हा मोठ्या गिऱ्हाइकांसाठी मागे ठेवतोय. माझ्या धुळ्याच्या माहेरची बोली एकदम तोंडात आली. "माले नको शिकाडू. तीनचीच दे."

त्यानं दिली. कडेला पेन्सिलनं तीनचा आकडा टाकला होता, तो मी बसमध्ये पदर ओला करून पुसला. चिलखत म्हणजे लढाईची वस्तू, ती जाडच हवी. पोरीला काय कळतं? झालं की सांगू.

नातीनं अशी शीट आधी कधी हातात धरली नव्हती. तिनं वाकवून बघितली. "आजी, कडक आहे गं. दीडचीच ना?"

"नवा माल कडकच असतो."

पहिली शीट तिनं चौकटीत आवळली. दोन मिनिटांत लोंबायला हवी होती, पाच झाली तरी ढिम्म. मग मधेच फुगली, पिवळी पडली, कडा मात्र तशाच ताठ. तिनं ती साच्यावर दाबली, क्लीनर रडायला लागला. गार झाल्यावर काढली तर म्हशीच्या पाठीवर गोधडी टाकावी तसा आकार. खवला एकही नाही.

"व्होल्टेज कमी असेल," नात म्हणाली.

"असेलच," मी म्हणाले. "वीजवाल्यांचा काय भरवसा!"

मग तिला पेटी गळत असल्याचा संशय आला, तिनं सगळे सांधे टेपनं बंद केले. मग क्लीनरवर संशय. मी लगेच म्हणाले, शेजारीण चांगला स्वतःकडे ठेवून बिघडलेला देते, तिची सवयच आहे. त्या बाईनं आम्हाला घरातला एकुलता एक क्लीनर दिला होता. दुसरी शीटही वाया गेली. मी सगळ्यांकडे बोट दाखवलं, फक्त शीटचं नाव काढलं नाही. हळूहळू लक्षात येत होतं, पण लक्षात येणं आणि तोंड उघडणं यात माझ्या बाबतीत फार अंतर असतं.

शुक्रवारी दुपारी पडवीतून खरखर ऐकू आली. नात कानस घेऊन साच्यावर बसली होती, डोळे लाल.

"काय करतेस?"

"खवले काढून टाकते. फार बारीक कोरले असतील, म्हणून उमटत नाहीत. सपाट साचा तरी निघेल. पोरं म्हणालीच होती, भाड्यानं आणू."

एक ओळ घासून झाली होती. मी तिच्या हातातली कानस ओढून घेतली आणि सांगून टाकलं. तीनची आणली. आकडा मीच पुसला.

तिनं हातावरची प्लास्टरची भुकटी झटकली. दुचाकी काढली, मला मागे बसवलं, उरलेल्या तीन शीटा माझ्या मांडीवर दिल्या.

दुकानदारानं काही न विचारता त्या परत घेतल्या. नातीला विचारलं, "साचा किती उंच?" तिनं चार बोटं दाखवली. "मग दीडच. ताणल्यावर कडेला निम्मीच उरते. एकची घेतली तर फाटेल, आणि तीन ओढायला तुमच्या मशीनला दम नाही."

मी तिथेच गार झाले. आयुष्यभर चुलीवरच्या पालथ्या खापरावर मांडे केले मी. खापराचा फुगवटा बघून कणकेचा उंडा किती घ्यायचा ते ठरवायचं, हातावर ताणताना मांडा किती पातळ होईल ते आधीच ओळखायचं. पोळी जाड ठेवली तर कच्ची राहते, हे सुनेला मीच शिकवलं. तेच ज्ञान प्लास्टिकच्या रूपात समोर आलं, तर मी त्याला चोर म्हटलं.

शनिवारी पहिलीच शीट दोन मिनिटांत लोंबली, साच्यावर बसली, आणि खवला न् खवला उठला. घासलेल्या ओळीच्या जागी तिनं चारही चिलखतांवर रंगानं पट्टा ओढला. रविवारी धुळ्यात मी तिसऱ्या रांगेत बसून नाटक सोडून चिलखतंच बघत होते. आता तडकतील, मग तडकतील. चारातलं एकही तडकलं नाही. मला जरा वाईटच वाटलं.

परतीच्या बसमध्ये मी तिला म्हटलं, "जाऊ दे गं, दुकानदारांवर संशय घ्यायची सवयच आहे मला."

ती खिडकीबाहेर बघत होती. मान न वळवता म्हणाली, "आजी, त्याला तू ओळखत नव्हतीस, त्याच्यावर संशय घेतलास ते ठीक. पण चिठ्ठी माझी होती."