न केलेल्या डब्यांचे पैसे

अक्षर वाईट आहे, शुद्धलेखन त्याहून वाईट. चौथीनंतर शाळा सुटली. माफ कर, ताई. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही — नवऱ्यालासुद्धा नाही.

आमच्या शहरातल्या नजरबाद भागातल्या एका छोट्या कंपनीच्या अ‍ॅपवर लोक घरगुती डबे मागवतात. माझ्यासारख्या बायका ते करून देतात. अ‍ॅपमध्ये काही नवं घातलं, की सगळं धड चालतंय का हे आधी पुण्याहून आलेले चेतनसर स्वतः बघायचे. मग त्यांनी ते काम कम्प्युटरवरच सोपवलं. अ‍ॅप बदललं रे बदललं, की कम्प्युटर आपणहून एक डबा मागवायचा. ती मागणी कुठल्या तरी खऱ्या स्वयंपाकघरात पोचायला हवी ना? त्यांनी माझं निवडलं. म्हणाले, "अक्का, नावाच्या जागी 'तपासणी' दिसेल. तो डबा करायचा नाही. तुम्ही कटकट करत नाही, म्हणून तुमच्याकडे ठेवलंय."

कटकट करत नाही! लाजाळू बाईला लोक खुंटी समजतात — हवं ते टांगायचं.

पण आठवड्याच्या हिशेबातून ते डबे वगळायला चेतनसर विसरले. न केलेल्या डब्यांचे पैसे मला मिळू लागले. मला कळलं नाही? पहिल्याच आठवड्यात कळलं. तपासणीचा डबा आल्याचा आवाज फोनवर झाला, की मी एकटीच हसायचे.

हिशेब बघायची कविता. हुणसूरहून बसने येणारी, तोंडाळ. बँकेच्या कागदावर माझी सही घेताना ऑफिसात म्हणाली होती, "एन अक्का — काय हो अक्का — सही येते की अंगठा घेऊ?" सगळे हसले. मीपण हसले — आणि तेव्हापासून तिचा रागराग करते. आजही करते.

तिनेच एकदा फोन करून कानडीत विचारलं, हे तपासणीवाले डबे तुम्ही खरंच करता का? मी हो म्हटलं. "एवढं खाणारा हा कोण राक्षस?" असं म्हणून ती पैसे पाठवत राहिली.

पुढे चेतनसरांना चूक सापडली. कविता म्हणाली, मी अक्कांना विचारलं होतं, त्या हो म्हणाल्या. मालकांनी मला बोलावलं. ती समोरच उभी. आणि मी — कसं सांगू तुला — मान खाली घालून म्हणाले, "मला कुणी काही विचारलं नाही. चौथी शिकलेली बाई मी, मला कम्प्युटरातलं काय कळणार?"

पटलं सगळ्यांना. किती पटकन पटलं! कविताचं तोंड बंद झालेलं पाहून मला बरं वाटलं — हेच सांगायचं होतं. मी घाबरले म्हणून खोटं बोलले नाही. मला बरं वाटलं. तिची नोकरी त्याच दिवशी गेली.

पैसे कुणी परत मागितले नाहीत. मीच म्हटलं, माझ्या डब्यांच्या पैशातून कापत जा. गेल्या शनिवारी शेवटचे कापले. चेतनसर कविताच्या जागी आलेल्या मुलीला म्हणाले, "बघ, याला म्हणतात प्रामाणिक माणूस." मी हिशेबाच्या कागदावर सही केली. पैसे सगळे फिटले.