आतोबांचा राजीनामा

राजीनामा देणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण राजीनामा देऊन इतकं ठाण मांडून बसणारा माणूस सबंध नगर जिल्ह्यात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या सासरच्या नात्यात निघाला. ते आमच्या हिच्या आत्याचे यजमान. ही त्यांना आतोबा म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागलो, आणि पुढे पुढे जिल्हा परिषदेतले शिपाईसुद्धा साहेबांना 'आतोबा आलेत' अशी वर्दी देऊ लागले. कोपरगावकडच्या एका साखर कारखान्यात केमिस्ट म्हणून हयात काढून ते निवृत्त झाले आणि नगरला सावेडीत घर बांधून राहिले. निवृत्त माणसानं गुलाबाची कलमं लावावीत, सकाळी फिरायला जावं, सुनेच्या स्वयंपाकात लक्ष घालावं. यांनी संस्था काढली. जगाची हवा तापत चालली आहे, असं नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पेपरात कुठंतरी आतल्या पानावर छापून यायचं. तो पेपर आम्ही कपाटात अंथरायचो. आतोबांनी तो मनावर घेतला. 'हवामान धोरण निधी' अशी पाटी स्वतःच्या हातानं रंगवून त्यांनी पुढच्या खोलीच्या दारावर ठोकली, आणि मला चिटणीस केलं. मी कॉलेजात इंग्रजी शिकवत असे, म्हणजे मुलं मला तसं करू देत असत, आणि संस्थेला पुढंमागं इंग्रजी लागेल हा त्यांचा अंदाज होता. माझ्यात दुसरा काही गुण त्यांना दिसला असेल असं आमच्या हिलाही वाटत नाही.

त्या पाटीनं आमचा पहिला छळ मांडला. तारकपूर स्टँडवर उतरलेला माणूस विचारत विचारत यायचा, दारात चपला काढायचा आणि म्हणायचा, "कांदा काढून ठेवलाय साहेब. उद्या येतो का पाऊस?" मी त्याला आपली संस्था हवामान खात्याची नसून धोरणविषयक कामाला साहाय्य देणारी आहे, असं छापील मराठीत समजावून सांगायचो. तो शांतपणे ऐकून घ्यायचा आणि विचारायचा, "ते समदं ठीक हाय, पन पाऊस?" आतोबा मात्र कुणाला परत पाठवत नसत. गच्चीवर जाऊन आभाळाकडे बघून येत आणि सांगत, "उद्याची हवा रेडिओवाले सांगतात. आमच्याकडे नातवंडांची मिळते. बसा, चहा घ्या." निवडणुकीच्या दिवसांत तर एक कार्यकर्ते जीप घेऊन आले आणि दार लोटून हळू आवाजात म्हणाले, "खरं सांगा, पाथर्डीकडं हवा कुनाची हाय?" त्यांनाही चहा मिळाला.

कारखाना सुटला तरी आतोबांच्या तोंडचा कारखाना सुटला नव्हता. उसातून साखर किती निघते त्याला तिकडे उतारा म्हणतात. आतोबा जगातल्या सगळ्याच गोष्टींचा उतारा काढत. कुणाचं भाषण ऐकून आले की, "चिपाड फार, उतारा काही नाही." माझं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी माझ्याशी बराच वेळ गप्पा मारून हिच्या वडिलांना म्हटलं होतं म्हणे, "रस बेताचा आहे, पण मळी निघणार नाही." या शेऱ्यावर माझा संसार उभा आहे. त्यांच्या खिशात पेनाशेजारी एक थर्मामीटर असे, आणि कुणाच्याही घरी चहा आला की ते आधी तो कपात बुडवून बघत. त्यापायी आमच्या नात्यातल्या दोन मावश्या त्यांच्याशी कायमच्या बोलायच्या थांबल्या.

पैसे देण्याची त्यांची तऱ्हा तर जगावेगळी. विहिरीला, पाइपाला, मोटारीला ते काही देत नसत. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजारची नावं तेव्हा सगळीकडे होऊ लागली होती आणि प्रत्येक गावाला आपणही तसं व्हावं असं वाटे, म्हणजे सुरुवात आधी पैशानं व्हावी असं वाटे. पारनेरच्या पठारावरचे गोरखराव असेच पहिल्यांदा आले. आतोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "खड्डा खणायला सरकार पैसे देतं. तो कुठं खणायचा आणि कुठं नाही, हे गावानं ठरवायला कोण देतं? ते मी देतो."

गोरखराव माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, हे पाइपलाइन न्हाई म्हन्त्यात. मंग देत्यात तरी काय?"

"ग्रामसभा भरवायचा खर्च," मी म्हणालो. "आणि ठराव झाला तर तो मान्य करून घ्यायला मुंबईला जायचं भाडं."

"म्हंजी भांडायला पैशे देता व्हय," गोरखराव म्हणाले. आमच्या संस्थेचं उद्दिष्ट इतक्या थोडक्यात मला पुढे कुठल्याही अहवालात मांडता आलं नाही. ते पुढे आमच्या मंडळावर सभासद झाले. त्यांच्या आणि शेजारच्या गावांनी खोल बोअर घ्यायचं नाही, ऊस लावायचा नाही, असे ठराव केले, आणि ते कायद्यात बसवण्यासाठी आमचे दुसरे सभासद साळवे वकील मंत्रालयाच्या खेपा घालू लागले. उसाच्या ठरावाची बातमी कोपरगावला पोचली तेव्हा आतोबांच्या सख्ख्या भावानं निरोप धाडला, "उसावर बंगला बांधला आणि आता उसालाच नावं ठेवता?" आतोबांनी उलट निरोप धाडला की बंगला नाही, तीन खोल्या आहेत.

पण त्यांची खरी कला दिसायची ती मासिक सभेत. दर सभेच्या शेवटी आतोबा उभे राहत, चष्मा पुसत आणि म्हणत, "माझ्याच्यानं आता होत नाही. तरुणांनी पुढं यावं. मी अध्यक्षपदाचा राजीनामा देतो." तरुणांनी म्हणजे कुणी, हे कुणी विचारत नसे, कारण त्या खोलीतला सगळ्यात तरुण माणूस मी होतो आणि माझे केस पिकले होते. मग चिटणीस या नात्यानं मी उठायचो आणि "अध्यक्षांनी राजीनामा मागे घ्यावा अशी सभेची विनंती आहे," असं म्हणायचो. साळवे वकील "अनुमोदन" म्हणायचे. आतोबा क्षणभर खिडकीबाहेर बघून "तुमचा आग्रहच असेल तर मागे घेतो" म्हणत खाली बसायचे. आतल्या दारामागे आत्या चिवड्याची परात घेऊन उभ्या असत. 'मागे घेतो' ऐकल्याशिवाय त्या बाहेर येत नसत, कारण चिवडा आधी आणला तर सभा मोडते असा त्यांचा अनुभव होता. इतिवृत्तात हा विषय कायमचा छापलेला होता: अध्यक्षांचा राजीनामा, विनंती, चिवडा. चिवडा मी नंतर खोडायचो.

पुढे दिल्लीच्या एका मोठ्या देणगीदार संस्थेनं आम्हाला हात दिला आणि खेपांचा, ग्रामसभांचा भार तिच्यावर पडला. तिच्या एक बाई काम बघायला आल्या. मी त्यांना जीपमधून पठारभर हिंडवलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच माझं इंग्रजी कुणीतरी जांभई न देता ऐकतंय याचा मला फार आनंद झाला. परतताना बाई म्हणाल्या, काम उत्तम आहे, पण ही संस्था एका म्हाताऱ्या माणसाच्या खांद्यावर उभी आहे, आणि आमचे लोक अशा संस्थेला पुढे पैसे देत नाहीत. नेतृत्व बदलायला हवं. पैसे थांबले असते तर ठराव अर्ध्यावर लोंबकळले असते आणि पठारावर बोअरच्या गाड्या दुसऱ्याच आठवड्यात आल्या असत्या. पण आतोबांची खुर्ची गेली तर त्यांच्याकडे काय राहणार, तेही मला दिसत होतं. सभेआधी मी चाचरत चाचरत त्यांना हे सांगितलं. ते "बघू" म्हणाले आणि आत्यांना चिवड्यात खोबरं जास्त घालायला सांगून आले.

सभा मराठीतच होईल असा त्यांचा हट्ट होता. बाईंना इंग्रजीत सांगायचं काम अर्थात माझ्याकडे. शेवटी आतोबा नेहमीसारखे उठले, चष्मा पुसला, आणि माझ्याच्यानं आता होत नाही, असं सुरू झालं. मी भाषांतराला लागलो. काय सांगू, त्या दिवशी माझी वाणी अशी सुटली की ज्याचं नाव ते. आतोबांच्या तीन वाक्यांचं मी एक सुंदर भाषण केलं. त्यात मावळता सूर्य आणला, नवी पिढी आणली. वर्गात कधी न मिळालेली शांतता मिळाली, आणि त्या सुखात माझं पुढचं एकच वाक्य, जे बोलण्यासाठी मला चिटणीस केलेलं होतं, ते मी साफ विसरलो. बाई उठून उभ्या राहिल्या. त्यांचे डोळे ओले झाले होते. आपली खुर्ची स्वतःहून सोडणारा संस्थापक त्यांनी पहिल्यांदाच पाहिला, असं म्हणून त्या टाळ्या वाजवू लागल्या.

गोरखरावांनी माझी बाही ओढली. "मास्तर, इनंती ऱ्हायली ना."

मी धडपडत उठलो. "अध्यक्षांनी..." एवढं म्हटलं आणि आतोबांनी हात वर केला.

"राहू द्या, जावईबापू," ते म्हणाले. "पुढचा विषय घ्या. नवीन अध्यक्ष."

पुढचा विषय असा नव्हताच. आतोबाच म्हणाले, "ह्यांनाच करा. बाईंनी ह्यांचं इंग्रजी ऐकलंच आहे." साळवे वकिलांनी फार हळू आवाजात अनुमोदन दिलं. त्या दिवशी चिवडा आलाच नाही. बाई गेल्यावर मी आत डोकावलो, तर आत्या परात धरून तशाच दारामागे उभ्या होत्या.

"मागं घेतला म्हणाले नाहीत ना अजून?" त्यांनी विचारलं.

निधी चालू राहिला, ठराव मार्गी लागले आणि मी अध्यक्ष झालो. माझी अध्यक्षीय कारकीर्द थोडक्यात सांगायची तर लोक माझ्याकडे अर्ज देत आणि आतोबांकडे बघत. ते आता दाराजवळच्या बाकावर, जिथं अर्ज घेऊन आलेली माणसं बसतात तिथं, बसत. पहिल्या सभेच्या शेवटी मला काही सुचेना. खुर्ची टोचत होती. मी उठलो आणि म्हणालो, "माझ्याच्यानं हे होत नाही. मी राजीनामा देतो." हे अगदी मनापासून बोललो होतो. बाकावरून आतोबा उठले. चष्मा पुसला. म्हणाले, "अध्यक्षांनी राजीनामा मागे घ्यावा अशी सभेची विनंती आहे." साळवे वकील घाईघाईनं "अनुमोदन" म्हणाले, मी मागे घेतो म्हटलं, आणि आत्या चिवडा घेऊन बाहेर आल्या. त्यानंतर मी दर महिन्याला राजीनामा देत आलो. खरं सांगायचं तर त्या विनंतीसाठीच देत आलो, कारण ती करताना आतोबांचा आवाज पुन्हा अध्यक्षाचा व्हायचा.

मागच्या उन्हाळ्यात आतोबा गेले. त्यानंतरची पहिली सभा आत्यांनी त्याच खोलीत घ्यायला लावली. मी सवयीनं उठलो, माझ्याच्यानं होत नाही म्हणालो, राजीनामा दिला, आणि थांबलो. सगळेच थांबले. गोरखराव दाराजवळच्या बाकाकडे बघत होते. साळवे वकिलांच्या ओठांवर अनुमोदन आलेलं होतं, पण ते कशाला द्यायचं हे त्यांना कळेना. मला त्या वेळी आतोबांची इतकी आठवण झाली की मी चष्मा काढून पुसू लागलो.

आतल्या दारामागून आत्या म्हणाल्या, "मागं घ्या हो जावईबापू. चिवडा मऊ पडतोय."